पाच येनची गाठ: ‘नोरागामी’तली मुलगी देवाशी बांधली जाते म्हणजे नेमके काय होते?

घरातले पंधरा-सोळा वर्षांचे मूल जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे पाहत बसलेले असते आणि शेजारून जाणाऱ्या आईला किंवा आजोबांना पडद्यावर काहीतरी विचित्र दिसते. ट्रॅकसूट घातलेला, गळ्याभोवती गळपट्टा गुंडाळलेला एक तरुण स्वतःला देव म्हणवतो, भिंतींवर रंगाने आपला फोन नंबर लिहितो आणि हरवलेले मांजर शोधण्यापासून भुते हाकलण्यापर्यंत कोणत्याही कामाचे पाच येन घेतो. त्याच्यासोबत शाळकरी वयाची एक मुलगी असते आणि तिला मधूनच शेपूट फुटते. ‘ती त्या देवाशी बांधली गेली आहे,’ असे मूल सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. कारण ‘देवाशी बांधलेली मुलगी’ हे शब्द महाराष्ट्रात निरागस राहिलेले नाहीत.

ही कथा ‘नोरागामी’ नावाच्या मांगातली आहे. मांगा म्हणजे नियतकालिकांतून क्रमशः येणारी, उजवीकडून डावीकडे वाचायची जपानी चित्रकथा. ‘आदाचितोका’ हे दोन चित्रकर्तींच्या जोडीचे टोपणनाव असून त्यांची ही मालिका कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘गेक्कान शोनेन मॅगझिन’ या मासिकात डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये संपली. तिचे २७ खंड झाले. तिच्यावरून २०१४ आणि २०१५ मध्ये अ‍ॅनिमेची दोन पर्वे निघाली आणि भारतातल्या बहुतेक प्रेक्षकांची या कथेशी ओळख त्या पर्वांतूनच झाली. तेरा वर्षे चाललेल्या या कथेत साहस, मारामारी आणि विनोद भरपूर आहेत, परंतु तिचा गाभा एका प्रश्नात आहे: माणूस आणि देव यांच्यात जी गाठ बसते, तिच्यात खरे बांधलेले कोण असते? त्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी काही जपानी कल्पना आधी समजून घ्याव्या लागतात. कथेचा शेवट मात्र या लेखात सांगितलेला नाही.

गोष्ट काय आहे?

हियोरी इकी ही माध्यमिक शाळेत शिकणारी, डॉक्टरांच्या सुखवस्तू घरातली मुलगी. यातो नावाचा तो ट्रॅकसूटवाला तरुण रस्त्यात बसखाली येणार असे दिसताच ती त्याला ढकलून वाचवायला जाते आणि स्वतःच धडकेत सापडते. जीव वाचतो, परंतु त्या दिवसापासून तिचा आत्मा वेळी-अवेळी शरीराबाहेर निसटू लागतो. शरीर झोपल्यासारखे जागच्या जागी कोसळते आणि ती स्वतः, शेपटीसारखी एक दोरी मागे घेऊन, बाहेर उभी असते. ती दोरी म्हणजे तिची आणि तिच्या देहाची नाळ आहे. ती तुटली तर हियोरी मरेल. मला पूर्वीसारखे कर, अशी मागणी ती यातोकडे करते आणि तो पाच येन घेऊन ते काम स्वीकारतो. काम काही केल्या पूर्ण होत नाही आणि जोवर ते होत नाही तोवर दोघांचा संबंध सुटत नाही. वरवर पाहता ‘बांधली गेली’ याचा अर्थ एवढाच आहे.

हा कसला देव, ज्याच्याकडे भाड्याचेही पैसे नाहीत?

मराठी वाचकाची पहिली अडचण इथे येते, कारण ‘देव’ म्हटले की आपल्या मनात सर्वज्ञ आणि सर्वसमर्थ अशी काहीतरी प्रतिमा उभी राहते. जपानी भाषेतला ‘कामी’ हा शब्द त्याहून सैल आहे. मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकातल्या विद्वानाने ‘कोजिकी’ या इ. स. ७१२च्या प्राचीन ग्रंथावर भाष्य लिहिताना या शब्दाची फोड केली आहे. तिचा आशय असा की ज्याच्यात काही असाधारण आहे आणि ज्याच्यापुढे मनात धाक उपजतो ते सारे कामी. मग तो डोंगर असो, झाड असो, प्राणी असो की माणूस, आणि तो भला असो वा बुरा. अशा कामींची संख्या परंपरेने ‘८० लाख’ सांगतात. आपल्याकडच्या तेहतीस कोटींप्रमाणेच तिचा अर्थ मोजता येणार नाहीत इतके असा घ्यायचा.

आपल्याकडे हे समजायला विठोबाकडे पाहू नये. गावाच्या शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाकडे पाहावे. त्या म्हसोबाचा अधिकार शिवेपुरता असतो, तो रागावतो, त्याला ठरावीक दिवशी नैवेद्य लागतो, आणि गाव उठून गेले की त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. यातो हा असाच, पण शीवही नसलेला देव आहे. ‘नोरा’ म्हणजे भटका, जसे भटके मांजर. ‘गामी’ हे ‘कामी’चेच समासातले रूप. त्याचे कुठेही मंदिर नाही, पुजारी नाही, आणि जुन्या काळी तो कत्तली करणारा अनिष्टाचा देव होता ही गोष्ट तो लपवत असतो.

पाच येनच का?

या कथेची किल्ली या नाण्यात आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

जपानमधल्या शिंतो, म्हणजे कामींना भजणाऱ्या तिथल्या मूळ धर्माच्या, मंदिरात दर्शनाला गेलेला माणूस समोरच्या लाकडी पेटीत नाणे टाकतो, दोनदा वाकतो, दोनदा टाळ्या वाजवतो आणि पुन्हा एकदा वाकतो. पेटीत कोणते नाणे टाकावे याचा नियम नाही, तरी पुष्कळ लोक मुद्दाम पाच येनचे नाणे शोधून काढतात. कारण भाषेतले आहे. ‘पाच येन’ला जपानीत ‘गो-एन’ म्हणतात आणि ‘संबंध, गाठ, ऋणानुबंध’ या अर्थाच्या ‘एन’ला आदरार्थी ‘गो’ लावला की तेही ‘गो-एन’च होते. लिपीत दोन्ही वेगळे, कानाला मात्र एक. म्हणून पाच येन वाहणे म्हणजे ‘चांगली गाठ पडो’ असे मागणे. याच तर्काने काही जण दहा येनचे एकच नाणे टाकायचे टाळतात, कारण ‘तो-एन’चा उच्चार ‘दूरचा संबंध’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो.

नाणेही अर्थपूर्ण आहे. ते पितळेचे असून मधोमध भोक आहे, वजन ३.७५ ग्रॅम. त्यावर भाताची लोंबी, खालच्या बाजूला पाण्याच्या रेषा आणि भोकाभोवती दातेरी चक्र आहे. शेती, मासेमारी आणि उद्योग यांची ही चिन्हे. सध्या चलनात असलेल्या जपानी नाण्यांपैकी याच एका नाण्यावर किंमत आकड्यांत लिहिलेली नाही, फक्त चिनी अक्षरांत आहे, त्यामुळे परदेशी प्रवाशाला ते ओळखता येत नाही. भोक असलेले पितळी नाणे कुणी जपानहून आणून दिले असेल, तर बहुधा ते हेच आहे.

आता यातोचा दर पुन्हा पाहावा. किमतीने ते क्षुल्लक नाणे आहे आणि त्यामुळे तो गरीब व हास्यास्पद दिसतो. जपानी वाचकाला मात्र त्याच क्षणी दुसराही अर्थ ऐकू येतो, तो असा की हा देव प्रत्येक कामाच्या बदल्यात एक नाते मागतो आहे. मोबदला घेताना तो समोरच्याला ‘गो-एन’ लाभो असा आशीर्वादही देतो. आपल्या नवसाशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. नवस बोलताना माणूस अट घालतो आणि देव पावल्यावर तो फेडतो, म्हणजे हिशेब मिटतो. इथे नाणे आधी दिले जाते आणि त्याने हिशेबाला सुरुवात होते.

‘एन’ या शब्दाचे माहेर

‘एन’चा अर्थ सांगायला ‘ऋणानुबंध’ हा शब्द मी सहज वापरला, पण हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. ‘एन’ ही संकल्पना बौद्ध विचारांबरोबर चीन-कोरियामार्गे जपानला पोचली. संस्कृतातल्या ‘प्रत्यय’ आणि पालीतल्या ‘पच्चय’ या शब्दांसाठी, म्हणजे एखादी गोष्ट घडायला लागणाऱ्या परिस्थितीसाठी, चिनी अनुवादकांनी जे अक्षर वापरले तेच जपानीत ‘एन’ म्हणून उच्चारले जाते. महाराष्ट्रात धम्माचा अभ्यास करणाऱ्यांना ‘प्रतीत्यसमुत्पाद’ हा शब्द परिचयाचा आहे; त्याचे जपानी रूप ‘एन्गी’. हे असेल तर ते घडते, काहीही एकट्याने उभे नसते, हा त्यातला विचार. रोजच्या जपानी बोलण्यात हा विचार घरगुती झाला आहे: लग्न जुळणे, नोकरी लागणे, प्रवासात कुणी भेटणे, सारे ‘एन’.

‘एन’ जुळतो तसा तो तोडताही येतो. इझुमोचे महामंदिर गाठी जुळवण्यासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यात देशभरचे कामी तिथे सभेला जमतात, म्हणून इतरत्र तो ‘देव नसलेला महिना’ आणि इझुमोत ‘देव असलेला महिना’, अशी समजूत आहे. ही सभा कथेतही येते. उलट क्योतोतल्या यासुई कोन्पिरागू मंदिरात लोक वाईट संबंध तुटावा म्हणून कागदाच्या चिठ्ठ्यांनी झाकलेल्या शिळेच्या भोकातून सरपटत जातात, आणि कामाकुराच्या तोकेइजी या भिक्षुणींच्या मठात आश्रय घेऊन जुन्या काळी बायका नकोशा नवऱ्यापासून कायदेशीर सुटका मिळवत असत. ‘नोरागामी’त यातोची तलवार नुसती भुते कापत नाही, दोन माणसांमधला ‘एन’सुद्धा कापते, ही कल्पना या परंपरेतून आली आहे. हियोरीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते, कारण तिची गाठ तोडण्याचा उपाय देवाच्या हातात पहिल्यापासून आहे.

ऐलतीर, पैलतीर

कथेतले जग दोन काठांचे आहे. जिवंत माणसे अलीकडच्या काठावर. देव, मृतात्मे आणि ‘आयाकाशी’ म्हणजे माणसांच्या मनातल्या कुविचारांवर पोसणारी भुते पलीकडच्या काठावर. जपानीत पलीकडच्या काठाला ‘हिगान’ म्हणतात आणि दरवर्षी वसंत व शरद संपातांच्या सुमारास याच नावाच्या आठवड्यात जपानी कुटुंबे पूर्वजांच्या थडग्यांना भेट देतात. हा शब्दही बौद्ध विचारांतूनच आला आहे. ऐलतीर-पैलतीर म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

हियोरी या दोन काठांच्या मधोमध अडकली आहे. ती शाळेत जाते, परीक्षा देते, मैत्रिणींबरोबर डबा खाते, आणि वर्गात अचानक झोपी गेल्यासारखी पडते.

बांधणारा स्वतः किती मोकळा असतो?

गाठ दुहेरी असते हे कथेत सर्वांत स्पष्ट दिसते ते युकिनेच्या निमित्ताने. अकाली मेलेल्या या मुलाच्या आत्म्याला यातो नाव देतो आणि आपला ‘शिन्की’ करतो. शिन्की म्हणजे देवाचे शस्त्र बनणारा मृतात्मा. हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा मूळ अर्थ ‘देवाची पवित्र वस्तू’ असा असून जपानच्या राजघराण्याच्या आरसा, तलवार आणि रत्न या तीन राजचिन्हांसाठीही तीच अक्षरे वापरतात. आत्म्याचे शस्त्र होणे ही मात्र या कथेची स्वतःची भर आहे. नाव देताच ते अक्षर आत्म्याच्या अंगावर उमटते, तो हाकेसरशी तलवार होतो आणि पूर्वायुष्य त्याला आठवत नाही.

इथपर्यंत हे मालक आणि चाकराचे नाते वाटते. पण शिन्कीने चोरी केली, मत्सर केला, खोटे बोलले, की त्याची कळ देवाच्या अंगात उठते आणि फार झाले तर देवाच्या मानेपासून काळसर डाग पसरू लागतो. पतसंस्थेतल्या जामीनदाराचे उदाहरण घ्यावे. कर्ज दुसऱ्याने काढलेले असते, परंतु सही केली त्या दिवसापासून हप्ता चुकल्याची नोटीस जामीनदाराच्याही घरी येते. नाव देणे ही तशीच सही आहे. पोरवयात मेलेल्या युकिनेला जिवंत मुलांचा हेवा वाटतो, तो चुकत जातो, आणि त्याला सोडून देण्याचा सोपा मार्ग असूनही यातो वेदना सोसत राहतो. या भागात मदतीसाठी इतर देवांच्या शिन्कींकडे धावणारी, विनवण्या करणारी हियोरी असते. दोघांना वाचवणारा हात माणसाचा आहे.

आठवण राहिली नाही तर

या कथेतला देव मारला गेला तरी, माणसांच्या आठवणीत असेल तर पुन्हा बालरूपात जन्म घेतो. एबिसु हा व्यापाराचा देव अनेकदा असा जन्मलेला आहे, कारण जपानभर दुकानदार त्याला भजतात. यातोला मात्र जवळजवळ कुणीच ओळखत नाही. तो लोकांना दिसतो, बोलतो, त्यांची कामे करतो. आणि ती माणसे थोड्याच वेळात त्याला विसरतात. तो गेला तर परत येण्याची वाट त्याला नाही.

फोन नंबर भिंतींवर लिहिण्यातली गंमत इथे गंभीर होते. ज्याला कुणी लक्षात ठेवत नाही तो आपले नाव भिंतींवर लिहीत सुटलेला आहे. हियोरी ही त्याला लक्षात ठेवणाऱ्या फार थोड्यांपैकी एक आहे, आणि तीही एकदा विसरते. यातो बराच काळ दूर असतो आणि तिच्या दिवसांतून तो हळूहळू पुसला जातो. काहीतरी हरवले आहे एवढेच तिला जाणवत राहते. मला संपूर्ण मालिकेत हा भाग सर्वांत भीतिदायक वाटतो, कारण त्यात कुठलाही राक्षस नाही. घरातल्या वडीलधाऱ्याची स्मृती जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पानांवर थांबावे लागेल.

म्हणून ‘मुलगी देवाशी बांधली गेली’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. तिची नाळ धोक्यात आहे हे खरे, पण देवाचे अस्तित्व तिच्या आठवणीला टांगलेले आहे, हे त्याहून मोठे सत्य कथा हळूहळू पुढे आणते.

पण मुलगी देवाला वाहण्याचेच हे सुंदर रूप नाही का?

हा आक्षेप महाराष्ट्रातून येणार आणि तो यायलाच हवा. खंडोबाशी लग्न लावून मुलींना मुरळी म्हणून सोडण्याची प्रथा आपल्याकडे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी तिच्याविरुद्ध मोहीम चालवली, १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि राज्याला २००५ सालीही देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा नवा कायदा करावा लागला. देवाशी बांधलेल्या मुलीचे आयुष्य प्रत्यक्षात कुणाच्या हाती जाते, हे या इतिहासाने दाखवले आहे.

जपानचाही इतिहास निराळा नाही. सातव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत सम्राटाच्या घराण्यातल्या अविवाहित मुलीला इसेच्या मंदिरातल्या सूर्यदेवीच्या सेवेसाठी राजधानीपासून दूर पाठवले जाई. निवड शकुनाने होई, तिच्या इच्छेने नव्हे. लोककथांत तर ज्या घराच्या छपरावर पांढऱ्या पिसांचा बाण रुतलेला दिसे, त्या घरची मुलगी देवाला बळी जाई. ‘पांढऱ्या पिसांचा बाण लागणे’ हा वाक्प्रचार आजही एखाद्याची अनेकांतून निवड होण्याबद्दल वापरतात.

‘नोरागामी’ या परंपरेच्या बाजूने उभी आहे असे मला वाटत नाही, आणि कारण कथेच्या रचनेतच आहे. हियोरीला कुणी वाहिलेले नाही. ती स्वतः रस्त्यात धावली, पाच येन तिने स्वतः दिले, आणि गाठ तोडून तिला तिच्या आयुष्यात परत पाठवण्याची तयारी यातो दाखवतो तेव्हा नकार तीच देते. तिचे घर, शाळा, अभ्यास सुटत नाही. उलट देवाच्या जवळ राहिल्याने तिच्या माणसांवर काय ओढवते याचा हिशेब कथा पुढे पुष्कळ कठोरपणे मांडते. तरीही पालकांनी सावध राहावे, कारण ‘देवाची वधू’ छापाच्या सगळ्याच मांगा इतक्या विचारी नसतात. काहींत बळजबरी ही प्रेमाची खूण म्हणून रंगवलेली असते. ज्युलिएट्टा सुझुकी यांची ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ ही मांगा हा साचा वेगळ्या रीतीने उलटवते: तिथे बेघर झालेली नानामी स्वतःच स्थानदेवता होते आणि कोल्हारूपी सेवक तिच्याशी करारबद्ध होतो.

देवांची ही चेष्टा जपानी लोकांना चालते?

चालते, कारण तिथे देव आणि माणूस यांच्यातली भिंत मुळातच पातळ आहे. कथेतला तेन्जिन हा विद्येचा देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, ८४५ साली जन्मलेला खरा विद्वान आणि दरबारी. कटाला बळी पडून तो हद्दपारीत ९०३ साली वारला. पुढे रोगराई झाली, ९३० साली राजवाड्यावर वीज कोसळली, लोकांना त्याचा कोप दिसला आणि शांतवण्यासाठी त्याला देवपद दिले गेले. आज परीक्षेच्या मोसमात विद्यार्थी त्याच्याकडे रांगा लावतात.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे चेहरेही भेटतील. रणरागिणीच्या रूपात येणारी बिशामोन मूळची वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. कथेने तिला स्त्री केले आहे. दाइकोकु हे नाव महाकालाचे जपानी रूप आहे. सप्तभाग्यदेवतांतली बेन्झाइतेन ही हातात बिवा नावाचे तंतुवाद्य घेतलेली सरस्वती आहे. आपले देव तिकडे गेले, असे म्हणून छाती फुगवण्यापेक्षा ते तिकडे किती बदलले हे पाहणे जास्त मनोरंजक आहे.

ही प्रेमकथा आहे का?

आहे आणि नाही. हियोरी व यातो यांच्यात ओढ आहे, पण पहिल्या काही खंडांत लेखिकांचा कल त्या ओढीला प्रेम म्हणण्याकडे नाही, आणि मला तेच आवडते. यातोचे स्वप्न पहिल्यापासून एकच असते: प्रचंड मंदिर, लाखो भक्त, रोज वाहणारी दानपेटी. पाच-पाच येन तो एका बाटलीत साठवतो. भक्त काही जमत नाहीत. मग एके दिवशी हियोरी स्वतःच्या हातांनी एक मंदिर करून त्याला देते. ते ओंजळीत मावेल एवढे आहे, त्यावर त्याचे नाव आहे, आणि जगातले त्याचे ते पहिले मंदिर आहे.